वेरूळच्या बंद गेटावर एक पाटी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता आम्ही २८ जण वेरूळ लेण्यांच्या गेटासमोर उभे होतो आणि गेट बंद होतं. आमच्यातल्या सर्वांत वडील माई, वय ८१. सर्वांत लहान मी, वय ६४. पहाटे साडेपाचला आमची बस सुटली होती. गेटावरचा सुरक्षारक्षक खुर्चीवरून उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आज मंगळवार आहे. मंगळवारी लेणी बंद असतात."

त्या दिवसाबद्दल मला कुणाची तक्रार करायची नाही. एक मागणी करायची आहे, आणि ती का करतो हे कळावं म्हणून तो दिवस सांगायला हवा. पत्र लांबणार आहे. छापताना काटछाट करावी लागली तर जरूर करा, शेवटची मागणी मात्र राहू द्या.

चूक माझी होती. आमच्या ज्येष्ठांच्या गटाची वर्षातून एकदा एका दिवसाची सहल निघते आणि तिची आखणी माझ्याकडे असते. मी पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १९ कालवा निरीक्षक म्हणून. कुठल्या चारीला कुठल्या वारी पाणी सोडायचं, हे माझं काम होतं. अशा माणसाकडून वार चुकावा, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. झालं असं की सहलीचा दिवस आधी सोमवार ठरला होता. मग कोणीतरी म्हणालं, लेणी सोमवारी बंद असतात. ते खरं होतं, पण अजिंठ्याच्या बाबतीत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. शाळेच्या पुस्तकापासून आम्ही 'अजिंठा-वेरूळ' असं एका दमात म्हणत आलो, दोन्ही जागांमध्ये शंभर किलोमीटरचं अंतर आहे हे तेव्हा कोणी लक्षात घेतं? त्यामुळे एकाची सुट्टी आम्ही दुसऱ्याला लावली, आणि चांगला उघडा सोमवार सोडून मुद्दाम मंगळवार धरला.

मला कोणी काही बोललं नाही. त्याचंच ओझं जास्त झालं. काही जण पुन्हा बसमध्ये जाऊन बसले, काही कठड्यावर टेकले. माई म्हणाल्या, "असू दे रे, भाऊसाहेब, बाहेरून डोंगर तरी दिसला." अण्णांकडे मात्र मला बघवेना.

अण्णा ७६ वर्षांचे. सगळी हयात दगड घडवण्यात गेली. पुलांची बांधकामं, विहिरींचे कठडे, देवळांचे चौथरे. माझ्या हद्दीतल्या कालव्यावरच्या दोन मोऱ्यांचा दगडही त्यांच्याच हातचा, त्यामुळे आमची ओळख गटाच्या आधीची. माणूस अतिशय अबोल. बैठकीला येतात, कोपऱ्यात बसतात, वेळ संपली की हात जोडून जातात. सहल कुठे न्यायची असं विचारलं की तीन वर्षं त्यांचं एकच उत्तर होतं, वेरूळचा कैलास. सोळा क्रमांकाचं ते लेणं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं. डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात करून खाली खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ. एकदा मी त्यांना विचारलं होतं की कैलासच का. तेव्हा ते म्हणाले, "आमचा दगड चुकला तर आम्ही दुसरा आणतो. त्यांना दुसरा आणायची सोयच नव्हती. चुकलं तिथं त्यांनी काय केलं असंल, ते मला बघायचंय." या एका वाक्यासाठी मी यंदाची सहल वेरूळला नेली होती.

पुढे काय करायचं, यावर गेटासमोर पाऊण तास खल चालला. त्या पाऊण तासात मी जुन्या सवयीने येणारी वाहनं मोजत होतो. १४ आली. दोन शाळेच्या बस, दोन-तीन परराज्यातल्या मोटारी, एक दुचाकीवरचं जोडपं, बाकी आमच्यासारखीच भाड्याची वाहनं. त्यातली ११ जागच्या जागी वळून आल्या रस्त्याने निघून गेली. एका शाळेच्या बसमधली मुलं खालीसुद्धा उतरली नाहीत. शिक्षक दारातून रक्षकाशी दोन शब्द बोलले, मागे वळून मुलांना काहीतरी म्हणाले आणि बस वळली. मुलांचा 'अरेरे' आम्हाला बाहेर ऐकू आला. संपादक महोदय, हे पत्र खरं तर त्या बसमुळे लिहीत आहे. आम्हाला त्या दिवशी पुढे जे मिळालं ते त्या मुलांनाही मिळू शकलं असतं. त्यातलं निम्मंअधिक पायी जाण्याच्या अंतरावर होतं. त्यांना कोणी सांगितलं नाही, एवढंच.

आमच्यात कोणी म्हणालं, अजिंठा आज उघडा आहे, तिकडे जाऊ. चालकाने हिशेब सांगितला. शंभरेक किलोमीटर रस्ता, मग फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत, पुढे पायऱ्या. माईंना आणि गुडघेदुखीवाल्या सहा-सात जणांना ते झेपलं नसतं. दुसरं कोणी म्हणालं, सरळ घरी जाऊ. हा विचार जोर धरू लागला होता. तेवढ्यात तोच सुरक्षारक्षक पुन्हा आला आणि म्हणाला, "एवढे लांबून आलात, निदान घृष्णेश्वराचं दर्शन तरी घेऊन जा. इथून जवळच आहे." त्याला हे सांगायची काहीच गरज नव्हती. त्याच्या त्या एका वाक्याने आमचा दिवस वाचला.

घृष्णेश्वर बारा ज्योतिर्लिंगांतलं शेवटचं मानलं जातं. दर्शन झालं, रांग बेताची होती, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बाहेर येऊन आम्ही बसकडे निघालो, तेव्हा चपला घालणाऱ्या माईंना शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "कुंड बघितलं का, आजी?" माई म्हणाल्या, कुठलं कुंड? त्या ताई वेरूळच्याच, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, रोज देवळात येणाऱ्या. म्हणाल्या, "सगळे असेच देवळातनं निघून गाडीत बसतात. चला, मी दाखवते." आणि खरोखर पिशवी खांद्याला अडकवून पुढे चालू लागल्या. २८ म्हातारी माणसं त्यांच्या मागे.

शिवालय तीर्थ असं त्या कुंडाचं नाव. बांधकाम अहिल्याबाई होळकरांचं. ज्या बाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं उभी केली, घाट बांधले, विहिरी खोदल्या, त्यांनी घृष्णेश्वराच्या यात्रेकरूंसाठी हे पाणी बांधून ठेवलं. लाल दगडाच्या पायऱ्या चारही बाजूंनी टप्प्याटप्प्याने पाण्याकडे उतरत जातात आणि भोवतीने छोटी छोटी देवळं आहेत. वर रस्त्यावर उभं राहिलं तर त्याचा पत्ता लागत नाही. काठाशी जाऊन खाली पाहिलं की एकदम सगळं दिसतं. आमच्यातले पुढे चालणारे काठाशी पोचून गप्प झाले, तेव्हा मागचे विचारू लागले, काय झालं?

माझं सगळं आयुष्य पाणी अडवण्यात आणि वाटण्यात गेलं, म्हणून मी असं बांधकाम माझ्या पद्धतीने पाहतो. अशा जागी पायऱ्या फक्त उतरण्यासाठी नसतात. उन्हाळ्यात पाणी कितीही खाली जावो, पावसाळ्यात कितीही वर येवो, माणसाचा हात पाण्याला लागेल अशी कुठली तरी पायरी असतेच. दुसरं, काठाला एकच उंच उभी भिंत घातली असती तर पावसाळ्यात मागची माती भिजून तिचा सगळा रेटा त्या एका भिंतीवर आला असता. टप्पे केले की तो रेटा थोडा थोडा वाटला जातो. आमच्या खात्यात अस्तरीकरण केलेल्या कालव्याचे काठ काही वर्षांत फुगून आत आलेले मी स्वतः पाहिले आहेत, दुरुस्त करून घेतले आहेत. इथे अडीचशे वर्षांच्या आसपासचं काम ओळीत उभं होतं. हे मी बरोबरच्या चार-पाच जणांना सांगत होतो, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की अण्णा आमच्यात नाहीत.

अण्णा खाली उतरले होते. चपला वरच्या पायरीवर काढून, एक हात भिंतीला लावून, आडवे आडवे, एकेक पायरी. मी घाबरून हाक मारली. त्यांनी वर न बघता हाताने मला खाली बोलावलं. गेलो. ते एका छोट्या देवळाच्या बाजूला बसले होते, जिथे लोकांचे पाय पडत नाहीत आणि ऊनपाऊसही कमी लागतो अशा कोपऱ्यात. तिथल्या चिऱ्यावर त्यांनी माझा हात ठेवला आणि म्हणाले, "टाकी बघा." टाकी म्हणजे दगड घडवायची छिन्नी. तिचे बारीक चर बोटांना लागत होते, सगळे एका बाजूला कललेले. मग त्यांनी शेजारच्या चिऱ्यावर हात नेला. तिथले चर उलट्या बाजूला कललेले. "हा डावखुरा होता," अण्णा म्हणाले.

मी वर वळून सगळ्यांना हे ओरडून सांगितलं. उतरू शकणारे दहा-बारा जण खाली आले. बाकीचे वरच्या टप्प्यावर ओळीने बसले. आणि अण्णा बोलायला लागले. खाणीतून दगड काढताना त्याचा पदर कसा ओळखायचा. पहारीने कुठे मारलं तर तो सरळ फुटतो आणि कुठे मारलं तर वाया जातो. गुण्या लावून कोन कसा बघायचा, ओळंबा कधी सोडायचा. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला चुना किती दिवस भिजवायचा, आणि घाईच्या कामात तो कमी भिजवला तर काही वर्षांनी सांध्यातून झाडं कशी उगवतात. वरून माईंनी विचारलं, "अण्णा, एका माणसाचे दिवसाला किती दगड व्हायचे?" त्यावर अण्णांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "असले घडीव? हात चांगला असला तर एक. तोबी लहान." सगळ्यांनी वर, चारही बाजूंना, पायऱ्यांच्या त्या रांगांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

तीन वर्षांत अण्णा आमच्यात सगळं मिळून बोलले नसतील इतकं ते त्या तासाभरात बोलले. वेरूळच्या त्या ताईसुद्धा खाली येऊन ऐकत बसल्या. जन्म या गावात गेला, पण हे दगड कोणी असे दाखवले नव्हते, असं म्हणाल्या.

वर येताना मधल्या टप्प्यावर अण्णा थांबले. एका चिऱ्याचा कोपरा वेगळा दिसत होता. जवळून पाहिल्यावर कळलं, तिथे दुसऱ्या दगडाचा हाताएवढा तुकडा बसवला होता. मी म्हटलं, नंतरची दुरुस्ती असेल. अण्णांनी मान हलवली. घडवतानाच तो कोपरा उडाला होता, त्यांचं म्हणणं. कारण खाच चौकोनी साफ करून त्यात तुकडा बसवला होता आणि मग दोन्हींवरून टाकी एकत्र फिरवली होती. चर एका दगडावरून दुसऱ्यावर न तुटता गेले होते. अण्णा त्या सांध्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "चुकला, भाऊसाहेब. पण दगड टाकला न्हाई." आणि मग माझ्याकडे बघून हसले. त्या सकाळपासून मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

ताईंनी जाता जाता मालोजीराजांच्या गढीची जागा दाखवली. आता तिथे अवशेष आहेत आणि शहाजीराजांचा पुतळा आहे. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती आणि अहिल्याबाईंच्या आधी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला होता, हे आमच्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी कळलं. वेरूळ म्हणजे लेणी, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. ताईंना आम्ही बसमधून घरापर्यंत सोडतो म्हटलं, तर त्या चालतच गेल्या.

खुलताबाद तिथून चार-पाच किलोमीटर. मंगळवार असल्यामुळे बायकांना भद्रा मारुतीचं दर्शन हवं होतं. निद्रिस्त मारुतीची मूर्ती आहे ती. त्यांचं दर्शन होईपर्यंत आम्ही नऊ जण मलिक अंबरच्या कबरीकडे गेलो. हा हट्ट माझा. पाण्याच्या खात्यात काम केलेल्या माणसाने खुलताबादला येऊन मलिक अंबरला न भेटता जाऊ नये, असं मला वाटतं. आफ्रिकेतल्या हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि त्या नव्या शहराला डोंगरातून जमिनीखालून नहर काढून पाणी दिलं. जमीन मोजून, तिचा कस बघून सारा ठरवण्याची त्याची पद्धत आमच्याकडच्या महसूल खात्यातले जुने लोक अजून आदराने सांगतात.

कबरीजवळ सावलीत उभं राहून मी सगळ्यांना भातवडीची लढाई सांगितली. १६२४ साल. एकीकडे मोगल आणि आदिलशाही फौजा, दुसरीकडे मलिक अंबर, आणि त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी. मलिक अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला आणि शत्रूच्या तळाभोवती चिखल करून टाकला. घोडे आणि तोफा अडकल्या. लढाई जिंकली, शरीफजी मात्र तिथे पडले. सकाळी ज्या घराण्याची गढी पाहिली, त्याच घराण्याचा मुलगा दुपारी या कबरीतल्या माणसाच्या बाजूने लढताना पडलेला निघाला. आमच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "हे शाळेत वेगवेगळ्या धड्यांत होतं, जोडून कोणी शिकवलंच नाही." मी शिक्षक नाही. पण त्या दिवशी ते जोडून सांगता आलं याचा मला आनंद झाला, तो लपवत नाही.

तिथून शहरात पाणचक्की. पोचायला चार वाजले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही जागा आहे. शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून, जमिनीखालून, काही किलोमीटर चालत इथे येतं. बांधलेल्या उंच भिंतीच्या आतून वर चढतं आणि वरून धारेने हौदात पडतं. आमच्या कालव्यावर नाला आडवा आला की आम्ही पाणी नाल्याखालून नेऊन पलीकडे पुन्हा वर काढतो, त्याला सायफन म्हणतो. तत्त्व तेच. बंद नळातलं पाणी जिथून निघालं त्या उंचीच्या जवळपास पुन्हा चढतं, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. याच पाण्याच्या जोराने खाली पाती फिरायची आणि वर जात्याची तळी फिरायची. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना, तिथे शिकणाऱ्यांना त्या पिठाची भाकरी मिळायची. आणि हौदाखाली एक मोठं दालन आहे. त्या दालनाचं छत म्हणजेच हौदाचा तळ. उन्हाळ्यात डोक्यावर पाणी घेऊन माणसं गारव्यात बसत असतील.

माई जात्याजवळ बराच वेळ थांबल्या. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी रोज पहाटे घरात दळलं आहे. त्यांनी विचारलं, "पाणी फिरवत होतं ते कळलं. वैरण कोण घालायचं?" म्हणजे जात्यात दाणे कोण टाकायचं. कोणाला सांगता आलं नाही. मग त्यांनी हाताने वैरण कशी घालायची ते करून दाखवलं. कमी घातली तर दगड दगडाला घासतो, जास्त घातली तर भरड निघते. हौदाच्या काठावर बसून त्यांनी जात्यावरच्या दोन ओव्याही म्हटल्या. शेजारी सहलीला आलेली कॉलेजची मुलं होती, ती जवळ येऊन बसली. एका मुलीने विचारलं, "आजी, अजून येतात का तुम्हाला?" माईंनी आणखी तीन म्हटल्या.

परतीच्या बसमध्ये सगळे जागे होते. दरवर्षी परतताना निम्मी बस झोपलेली असते.

आता मागणी. लेण्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी, याबद्दल माझं दुमत नाही. अजिंठा आणि वेरूळ वेगवेगळ्या दिवशी बंद ठेवतात हेही योग्यच आहे. दोन्ही एकाच दिवशी बंद असती तर लांबून आलेल्यांची फारच अडचण झाली असती. माझी पहिली मागणी साधी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर, रेल्वे स्थानकावर आणि वेरूळकडे वळणाऱ्या मुख्य फाट्यांवर मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहाव्यात: 'वेरूळ लेणी मंगळवारी बंद. अजिंठा लेणी सोमवारी बंद.' आम्ही ज्या रस्त्याने आलो तिथे आम्हाला अशी पाटी दिसली नाही. गेटाजवळ कळून माणसाला काय उपयोग? मोबाइलवर सगळं मिळतं असं तरुण मंडळी म्हणतात. आमच्या गटात मोबाइल सगळ्यांकडे आहेत, आणि चुकीचा वारही त्यावरच्याच एका निरोपातून आला होता.

दुसरी मागणी माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. बंद गेटावर फक्त 'आज बंद' लिहू नये. आज बंद, पण जवळ काय उघडं आहे, हेही लिहावं. घृष्णेश्वराचं देऊळ आणि तिथून पायी शिवालय तीर्थ. मालोजीराजांची गढी. चार-पाच किलोमीटरवर खुलताबाद, तिथे भद्रा मारुती आणि मलिक अंबरची कबर. परतीच्या वाटेवर शहरात पाणचक्की. बाण, अंतर आणि एकेक ओळीची माहिती. सहा-सात ओळींत हे बसतं, मी लिहून पाहिलं आहे. त्या मंगळवारी आमच्यासाठी या पाटीचं काम एका सुरक्षारक्षकाने आणि वेरूळच्या एका ताईंनी केलं. ती दोघं रोज प्रत्येक गाडीला पुरणार नाहीत. माझ्यासमोर परत गेलेल्या ११ गाड्यांना ती पुरली नाहीतच.

आमच्या गटाने ठरवलं आहे की पाटीचा खर्च आम्ही करू. मजकूर मी देतो, तो जाणकारांनी तपासून घ्यावा. परवानगी कुणाकडे मागायची आणि अर्ज कसा करायचा, हे आपल्या वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर आपल्या पत्राद्वारे कळवावं, एवढी विनंती.

कैलास पाहायला आम्ही फेब्रुवारीत पुन्हा निघतो आहोत, बुधवारी. त्याआधी अण्णा एकदा घरी येऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की रंगवलेली पाटी चार-पाच पावसाळ्यांत पुसट होते, तेव्हा पाटी दगडाची करू या. त्यांच्या अंगणात जुन्या कामातला एक काळा चिरा पडून होता, तो त्यांनी धुऊन सावलीत उभा करून ठेवला आहे. मजकुराची अक्षरं किती होतात ते मोजून मागितलं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कालवा निरीक्षक
(नाव-गाव छापू नये, ही विनंती)